मंकी म्हणजे माकड की वानर? शब्द, जाती आणि त्यातला घोळ

प्रश्न असा आहे की ‘मंकी’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं, माकड आणि वानर एकच का, आणि वेगवेगळ्या जातींना मराठीत काय नावं द्यायची. विचारणारी शाळेसाठी प्राण्यांचा तक्ता मराठीत करतेय, आणि डिक्शनरीत मंकीसमोर माकड, वानर, मर्कट, कपी अशी रांगच आहे, वर एपसमोर, म्हणजे चिंपांझी-गोरिलासारख्या प्राण्यांच्या इंग्रजी नावासमोर पण परत वानरच. मी गेली 20-22 वर्षं माकडं आणि वानरं यांच्याच सर्वेचं काम करतेय, जंगलातल्या माहिती फलकांचा मराठी मजकूर पण लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. माकड वेगळं आणि वानर वेगळं. लालसर-गुलाबी तोंडाचं, भुरकट अंगाचं, बुटकं ते माकड. काळ्याभोर तोंडाचं, राखाडी अंगाचं, हातापायांनी लांबलचक आणि अंगापेक्षा लांब शेपटीचं ते वानर. इंग्रजीत पहिल्याला मकाक म्हणतात, दुसऱ्याला लंगूर, आणि मंकी हा शब्द दोघांनाही झाकून टाकतो. म्हणजे इथे मराठी जास्त बारकाईनं बोलते आणि इंग्रजी मोघम बोलते, आणि आपण ट्रान्सलेशन करताना नेमका उलटा समज करून घेतो की इंग्रजी शब्द नेमका आणि आपले दोन शब्द म्हणजे एकाच प्राण्याची दोन नावं. तसं नाहीये.

आणि हा फरक नुसता तोंडाच्या रंगाचा नाही, पार पोटापर्यंत जातो. माकडाला गालात दोन्ही बाजूंना पिशव्या असतात. कधी जवळून बघा, शेंगदाणे किंवा हरभरे दिसले की माकड चावत बसत नाही, भराभर तोंडात कोंबत सुटतं, गाल टम्म फुगतात, मग ते उडी मारून सुरक्षित फांदीवर जातं आणि तिथे निवांत बसून हाताच्या मागच्या बाजूनं गाल बाहेरून दाबत दाबत एकेक दाणा तोंडात परत आणून खातं. वानराला या पिशव्या नाहीतच. त्याच्याकडे त्याऐवजी कप्पे कप्पे असलेलं मोठं पोट आहे, थोडंफार गाईम्हशीसारखं, त्यात बॅक्टेरिया पाला कुजवून देतात, म्हणून वानर कडू जून पाला पण पचवतं जो माकडाला झेपणार नाही. प्राणीशास्त्रात आशिया-आफ्रिकेतल्या सगळ्या माकडांची जी दोन मोठी उपकुळं केलीत ती बरोबर याच रेषेवर, गालात पिशवीवाले एकीकडे आणि कप्प्यांच्या पोटाचे पालाखाऊ दुसरीकडे. ज्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी माकड आणि वानर हे शब्द वेगळे ठेवले त्यांनी कुठलं पोट फाडून बघितलं नव्हतं, पण कोण कसं खातं, कोण कसं बसतं, कोण घरात घुसतं आणि कोण झाडावरच राहतं हे रोज बघितलं होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

शेपटीवरून मात्र ओळखायला जाऊ नका. आपल्याकडच्या बोनेट माकडाची शेपटी पण चांगली लांब असते, तोकडी असते ती उत्तरेकडच्या रीसस जातीच्या माकडाची. तोंड बघा आणि डोक्यावरचे केस बघा. बोनेटच्या टाळूवरून केस चक्राकार बाहेर फाकलेले असतात, मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे, त्याचं शास्त्रीय नाव मकाका रेडिआटा म्हणजे ‘किरणांसारखं फाकलेलं’ ते त्यावरूनच.

हा घोळ किती महाग पडतो ते सांगते. कामाच्या सुरुवातीच्या काळात कोकणात एका सर्वेला होते, ज्या संस्थेचा प्रोजेक्ट होता तिनं इंग्रजी फॉर्म जसाच्या तसा मराठीत करून दिला होता, त्यात कॉलम होता ‘माकडांचे कळप’. आम्ही गावोगाव तोच प्रश्न विचारत फिरलो. तिसऱ्या की चौथ्या गावात एका आजोबांनी मला थांबवलं, म्हणाले, “बाय, तुमका वांदर होये की केलडी? दोनय येतत.” कोकणात वानराला वांदर म्हणतात आणि लाल तोंडाच्या माकडाला केलडी, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. आधीच्या गावांमध्ये काही लोकांनी दोन्ही मिळून आकडा सांगितला होता, काहींनी फक्त केलड्यांचा, आणि कुठला कोणाचा हे वेगळं काढायची सोयच नव्हती, सगळी गावं परत करावी लागली. आजोबांनी मग अंगणात बसवून दोघांचे ओरडण्याचे आवाज काढून दाखवले, वांदर सकाळी ‘हुप् हुप्’ करून रान उठवतो आणि बिबट्या दिसला की ‘खँक खँक’ करतो, केलडी किचकिचाट करते. त्या दिवसापासून मी फॉर्ममध्ये नावाआधी तोंडाचा रंग विचारते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, सगळीकडे मराठी माणूस हा फरक इतका काटेकोर पाळतो असं नाही. जिथे एकच जात दिसते तिथे शब्द सैल होतो. ज्या गावात फक्त काळतोंडे आहेत तिथे त्यांनाच सर्रास माकड म्हणतात, कारण वेगळं करायला दुसरं कोणी नाहीच. जिथे दोन्ही जाती एकाच आंब्यावर चढतात तिथे मात्र दोन शब्द असतातच, आणि तिथली पाच वर्षांची पोरं पण चुकत नाहीत. शहरात तर सगळंच माकड.

आता शब्द आले कुठून. माकड हा थेट मर्कटाचा वारस, मर्कट, प्राकृतात मक्कड, मग माकड. वानरचं मूळ साधारणपणे वन शब्दात शोधतात, आणि दुसरी एक जुनी लोकप्रिय फोड आहे ‘वा नर’, म्हणजे हा नर आहे की काय, ही ऐकायला गोड आहे पण ती नंतर जुळवलेली असावी असं मला वाटतं. अमरकोशात कपि, प्लवंग, प्लवग, शाखामृग, वलीमुख, मर्कट, वानर, कीश, वनौकस् अशी एका दमात नावं येतात आणि प्रत्येक नावात कोणीतरी काहीतरी बघितलेलं आहे. प्लवंग म्हणजे उड्या मारत जाणारा, शाखामृग म्हणजे फांदीवरचं जनावर, वलीमुख म्हणजे सुरकुतलेल्या तोंडाचा, वनौकस् म्हणजे ज्याचं घरच रान. हरि या शब्दाचा एक अर्थ पण वानर असा आहे. वानरासाठी संस्कृतात खास शब्द आहे गोलांगूल, गाईसारखी शेपटी असलेला, आणि लांगूल म्हणजे शेपटी, त्याच कुळातून हिंदीत लंगूर आला आणि हिंदीतून तो इंग्रजीत गेला. म्हणजे आपण जेव्हा ‘लंगूर’ला मराठी शब्द शोधतो तेव्हा आपलाच शब्द फिरून परत आलेला असतो. मराठीत हिंदीसारखं बंदर म्हणू नका एवढीच विनंती, आपल्याकडे बंदरात जहाजं लागतात.

इंग्रजी मंकीचं मूळ तितकं स्पष्ट नाही. तो शब्द इंग्रजीत साधारण सोळाव्या शतकात दिसायला लागतो, आणि एक अंदाज असा की कोल्ह्याच्या एका जुन्या गोष्टीच्या 1498 च्या जर्मन आवृत्तीत मार्टिन नावाच्या वानराच्या मुलाचं नाव मोनेके आहे, त्यावरून तो आला असावा. मकाक हा शब्द पोर्तुगीजांनी आफ्रिकेतल्या काँगोकडच्या बोलीतून उचलला, आणि नंतर तो आशियातल्या माकडांना कायमचा चिकटला.

मराठीत या दोन शब्दांचा वापर बघितला तर अजून एक भेद दिसतो. चिडवायचं, रागवायचं, हसायचं असेल तर माकड किंवा मर्कट येतं: माकडचेष्टा, माकडचाळे, मर्कटलीला, माकडाच्या हाती कोलीत, आधीच मर्कट तशातही मद्य प्याला. आदरानं बोलायचं असेल तर वानर: वानरसेना, वानरराज. रामायणातले सुग्रीव, वाली, हनुमान हे वानर, त्यांना कोणी माकड म्हणणार नाही. काळ्या तोंडाच्या वानराशी मारुतीचं नातं लोकांनी जोडलंय, लंकेच्या आगीत तोंड काळं झालं ही गोष्ट गावोगाव सांगतात, आणि त्यामुळे शेतात वानर शिरलं तर हाकलतात पण मारताना हात अडखळतो. शास्त्रज्ञांना पण हे माहीत होतं, वानराच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस आहे, ग्रीकमध्ये सेम्नॉस म्हणजे पूज्य आणि पिथेकॉस म्हणजे वानर.

व्याकरण पण बघून घ्या कारण तक्त्यात लागेल. माकड नपुंसकलिंगी, ते माकड, ती माकडं, मादी माकडीण. वानर ‘तो वानर’ असं पण चालतं आणि ‘ते वानर’ असं पण, बोलताना बहुतेक जण ते वानर, ती वानरं असंच म्हणतात, मादी वानरी. टोळीतल्या दांडग्या नराला वेगळा शब्द आहे, हुप्प्या, त्याच्या हुप् आवाजावरून पडलेला. हुप्प्या 18 किलोपर्यंत भरतो, बोनेट माकडाचा नर त्याच्या निम्म्याच्या आसपास. इतका नेमका शब्द इंग्रजीत नाही, त्यांना ‘अडल्ट मेल लंगूर’ असे तीन शब्द लागतात.

पिल्लांबद्दल थोडं सांगते कारण मर्कटन्याय हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो पण बघितलेला नसतो. माकडिणीचं नवं पिल्लू तिच्या पोटाखाली केसांना मुठी आवळून लटकतं, ती चारी पायांवर पळते, फांदीवरून फांदीवर झेपावते, धरून ठेवायचं काम पिल्लाचंच. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, तिथे पिल्लाला काही करावं लागत नाही, तो मार्जारन्याय. भक्तानं देवाला घट्ट धरायचं की देवच भक्ताला उचलून नेतो, यावर दक्षिणेतल्या वैष्णवांमध्ये या दोन उपमांवरून मोठी चर्चा झाली. मी कधी कधी तासन् तास टोळीखाली बसते तेव्हा ही मूठ बघत राहते, जन्मून एक दिवस झालेला नसतो आणि पकड एवढी पक्की. वानरांमध्ये अजून एक गंमत, पिल्लू काळपट केसांचं जन्मतं आणि टोळीतल्या दुसऱ्या वानरी त्याला आईकडून मागून घेतात, एकीकडून दुसरीकडे, तासाभरात चार-पाच हातांतून फिरून परत आईकडे.

आता एपचा प्रश्न, आणि इथे मात्र इंग्रजी वरचढ आहे. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांना इंग्रजीत मंकी म्हणत नाहीत, एप म्हणतात. यांना शेपटी नसते, खांदे सगळीकडे फिरतात म्हणून हातांनी लोंबकळत जातात, मेंदू मोठा. मराठी डिक्शनऱ्यांनी एपसमोर वानर लिहून ठेवलंय आणि त्यामुळे चिंपांझी आणि आपलं काळतोंडं एकाच शब्दात बसलं. माझं मत स्पष्ट आहे, एपसाठी कपी वापरावा, मराठी विज्ञानलेखनात मानवसदृश कपी असा वापर आधीपासून आहे, आणि रोजच्या बोलण्यात कपी मोकळाच पडलेला शब्द आहे, त्याचा कोणाशी गोंधळ होत नाही. भारतात कपी फक्त गिबनच, ईशान्येकडचा हुलॉक. ओरांगउटान हा मलय शब्द, ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल, शब्दशः वनमानव.

याचमुळे ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य पण चुकतं. आज फांदीवर बसलेलं माकड आपला पूर्वज नाही, त्याचे आणि आपले पूर्वज फार मागे एक होते, आणि चिंपांझीशी आपलं नातं त्याहून खूपच जवळचं. शेपटीचं म्हणाल तर ती आपल्यात शिल्लक आहे, पाठीच्या कण्याच्या टोकाला, आणि मराठीनं तिला नाव दिलंय माकडहाड. डॉक्टर कॉक्सिक्स म्हणतात. पायरीवरून घसरून बसलं की जे ठणकतं ते.

इंग्रजी पण चुकतं बरं का. जिब्राल्टरला जी माकडं आहेत त्यांना शेपटी जवळजवळ नाही म्हणून लोक बार्बरी एप म्हणायला लागले, प्रत्यक्षात ते मकाक आहे, म्हणजे माकड. तेव्हा शेपटी नाही म्हणून कपी असं पण समजू नका.

जातींच्या नावांकडे येते. भारतातल्या माकडांत रीसस आणि बोनेट सगळ्यांना दिसणारी, रीसस उत्तरेची, बोनेट दक्षिणेची, आणि मधल्या पट्ट्यात रीसस दक्षिणेकडे सरकत चाललंय. रीसस हे नाव ग्रीक कथांमधल्या एका राजाचं, प्राण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण 1940 मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी या माकडाच्या रक्तावरून जो घटक शोधला त्याला आरएच म्हटलं आणि आपल्या ब्लड ग्रुपच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये ते माकड कायमचं बसलं. सिंहपुच्छ तर बहुतेक ठिकाणी ‘सिंहपुच्छ वानर’ असं छापतात, ते चूक आहे, मला ते बोर्डावर दिसलं की राहवत नाही. ते मकाक आहे, गालात पिशव्या आहेत, म्हणून सिंहपुच्छ माकड. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटातल्या सदाहरित जंगलात राहतं, काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, आणि नाव आयाळीवरून नाही, शेपटीच्या गोंड्यावरून. उलट निलगिरीचं काळं आणि आसाम-भूतानचं सोनेरी ही दोन्ही लंगूर, त्यांना वानरच म्हणायचं.

मला सगळ्यात आवडणारं नाव अरुणाचलच्या माकडाचं. 2005 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा भारतीय संशोधकांनी मकाका मुंझाला असं नाव दिलं, तिथल्या मोन्पा लोकांच्या बोलीत मुन झाला म्हणजे घनदाट जंगलातलं माकड. जे लोक त्याला पिढ्यान् पिढ्या ओळखत होते त्यांचाच शब्द विज्ञानानं घेतला. आपल्या वानराच्या वाट्याला मात्र एंटेलस, प्रायाम, हेक्टर, अजॅक्स अशी परदेशी महाकाव्यांतली नावं आली. आधी सगळे राखाडी वानर एकच जात धरायचे, आता त्यांच्या बऱ्याच जाती केल्यात, घाटातल्या काळ्या पायाच्या वानराची वेगळी. शेपटी बघून अंदाज येतो, उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी पाठीवरून कमान करून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडची मागे सोडतात.

अमेरिका खंडातली माकडं म्हणजे तिसराच गट, नाकपुड्या रुंद आणि बाजूला उघडणाऱ्या, काहींची शेपटी पाचव्या हातासारखी फांदी धरते. आपल्या एकाही माकडाची शेपटी असं धरू शकत नाही, म्हणून चित्रात आपलं माकड शेपटीनं लटकलेलं दाखवू नका. या गटाला माकड शब्द चालेल, तिसरा शब्द आपल्याकडे नाहीच. स्पायडर मंकीला कोळीमाकड, स्क्विरल मंकीला खारमाकड हे सहज कळतं. हाऊलरला आक्रोशी वगैरे जड शब्द कशाला, सरळ हाऊलर माकड लिहा. कॅपुचिनचं भाषांतर करूच नका, ते नाव कॅपुचिन पंथाच्या साधूंच्या तपकिरी टोपडीवरून आलंय, टोपीमाकड केलंत तर वाचणारा बोनेट समजेल. बबून, मॅन्ड्रिल, मार्मोसेट, टॅमरिन पण तसेच ठेवा. लेमूर आणि लोरिस हे मात्र माकडच नाहीत, त्यांना वानर किंवा माकड शेपूट म्हणून जोडू नका.

नावाचा परिणाम खऱ्या आयुष्यात होतो म्हणून मी एवढी अडून बसते. मंकीपॉक्स हा आजार 1958 मध्ये प्रयोगशाळेतल्या माकडांत पहिल्यांदा दिसला म्हणून ते नाव पडलं, पण तो रानात मुख्यतः उंदीर-खारींसारख्या प्राण्यांत राहतो असं मानतात, आणि 2022 च्या साथीत ब्राझीलमध्ये लोकांनी नुसत्या नावामुळे माकडांवर हल्ले केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं नाव बदलून एमपॉक्स केलं. आपल्याकडे माकडताप आहे, कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला, सिंधुदुर्गात पण येतो. तो पसरवतात गोचिडी, आणि त्यात माकडं आणि वानरं दोन्ही मरतात. कोणी फोन करून ‘माकड मरून पडलंय’ म्हणालं की मी आधी विचारते तोंड लाल की काळं, आणि हात लावू नका म्हणून सांगते, कारण मेलेल्या जनावराच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पडलेल्या असतात.

तर तक्त्यासाठी असं करा. मोठा मथळा ‘माकडे आणि वानरे’ ठेवा, मकाकांच्या चित्राखाली माकड, लंगूरांच्या चित्राखाली वानर, अमेरिकेतल्यांना माकड, आणि चिंपांझी-गोरिला-गिबन यांना खाली वेगळी चौकट करून कपी. जागा असेल तर वानराच्या चित्राखाली कंसात वांदर आणि बोनेटच्या चित्राखाली केलडी पण लिहा, कोकणातल्या शाळेत तक्ता गेला तर पोरं चित्राकडे बोट दाखवून आधी तेच म्हणणार आहेत.